भावफलक आणि फलाशा

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला, बोरी नदीच्या काठी, एकाच गावात दोन संस्था उभ्या राहिल्या. पहिली म्हणजे प्रताप शेटजींनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर. वेदान्ताच्या अभ्यासकांनी पोटापाण्याची चिंता न करता तिथे राहावं, वाचावं, विचार करावा अशी सोय शेटजींनी केली होती. पुढे अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झालेले साने गुरुजी आधी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले होते. दुसरी म्हणजे १९४५ साली महंमद हुसेन हाशम प्रेमजींनी सुरू केलेली तेलगिरणी, 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'. तेल काढायचं, त्याचं वनस्पती तूप करायचं, उरलेल्या मालातून कपड्यांचा साबण करायचा, असा तिचा धंदा. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले. त्या कंपनीला आज जग विप्रो म्हणून ओळखतं.

अमळनेरमधल्या कितीतरी घरांनी हे शेअर विकलेच नाहीत. भाव चढला तेव्हा नाही आणि पडला तेव्हाही नाही. बोनस मिळत गेले, शेअरचं विभाजन होत गेलं आणि आजोबांनी घेतलेले मूठभर कागद नातवंडांच्या नावावर हजारोंनी दिसू लागले. पण याच कंपनीत एक वेगळा प्रसंगही घडला. १९६६ साली संस्थापक अचानक वारले आणि त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट टाकून परतले. त्यांच्या पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उभं राहून त्यांना सुनावलं की ही कंपनी चालवणं तुमच्या वयाच्या मुलाचं काम नाही, तुमचा हिस्सा एखाद्या जाणत्या माणसाला विकून मोकळे व्हा.

सल्ला वेडगळ नव्हता. त्या दिवशी बाजारात विचारलं असतं तर बहुतेकांनी मान डोलावली असती. अनुभवी हाती कंपनी गेली असती तर भावही बहुधा सुधारला असता. तरुण प्रेमजींनी तो ऐकला नाही आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र निकाल चांगला लागला म्हणून प्रश्न संपत नाही. लोकांचा पैसा घेऊन कंपनी चालवणाऱ्या माणसाने आपल्या शेअरच्या भावाची किती फिकीर करावी? कुणी म्हणतं, चोवीस तास करावी, कारण तो मालकांचा नोकर आहे. कुणी म्हणतं, मुळीच करू नये, त्याने आपलं काम करावं. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात याचं उत्तर आकड्यांनी दिलं जातं. खरं तर कर्म आणि फळ यांचं नातं काय, हा आपल्याकडे फार जुना असलेला प्रश्न इथे कोट-टाय घालून उभा आहे, आणि त्याला त्याच पातळीवर भिडायला हवं.

आधी भाव म्हणजे काय ते पाहू. कंपनीला शेअरचे पैसे मिळतात ते ती स्वतः शेअर विकते तेव्हा. त्यानंतर रोज बाजारात जी कोट्यवधींची उलाढाल होते ती एका गुंतवणूकदाराची दुसऱ्याशी असते. कंपनीच्या गल्ल्यात त्यातला छदामही पडत नाही. भावात कंपनीची आजची कमाई असते, उद्याच्या कमाईचा अंदाज असतो, व्याजाचे दर असतात आणि बाकीचे लोक काय अंदाज करतील याचाही अंदाज असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सने १९३६ साली याला वर्तमानपत्रातल्या एका स्पर्धेची उपमा दिली होती. शंभर चेहऱ्यांतून सर्वांत सुंदर सहा निवडायचे, पण ज्याची निवड इतर सगळ्यांच्या सरासरी निवडीशी जुळेल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत शहाणा स्पर्धक स्वतःला कोण सुंदर वाटतं हे बघतच नाही. इतरांना कोण सुंदर वाटेल याचा तर्क करत बसतो.

मुंबईने हे डोळ्यांनी पाहिलं आहे. शेअर दलाल हर्षद मेहताच्या तेजीत एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर शेकड्यांतून उसळून १९९२ मध्ये नऊ हजारांच्या घरात गेला. या काळात सिमेंटच्या भट्ट्या वाढल्या नव्हत्या, चुनखडीची नवी खाण सापडली नव्हती, कामगारांनी जास्त पोती भरली नव्हती. त्या तेजीमागचा घोटाळा उघडकीला आला आणि भाव कोसळला, तेव्हाही कारखान्यात काही मोडलं नव्हतं. त्या दोन्ही काळांत कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपली लायकी भावावरून ठरवली असती, तर दोन्ही वेळा ते चुकले असते.

एवढ्यावरून 'मग भाव म्हणजे सटोडियांचा खेळ, त्याकडे पाहूच नये' असं म्हणण्याचा मोह होतो. मराठी मध्यमवर्गात हा सूर विशेष लोकप्रिय आहे. पण तो न्याय्य नाही, कारण शेअरच्या मागे माणसं असतात. १९०७ साली टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या सावकारांनी पैसा देण्याचं टाळलं, तेव्हा कंपनीने स्वदेशीच्या त्या दिवसांत इथल्या लोकांसमोर हात पसरला. मुंबईच्या कचेरीत सकाळपासून रात्रीपर्यंत गर्दी उसळली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी सोळा लाख पौंडांहून अधिक भांडवल उभं केलं. त्यांत संस्थानिक होते, व्यापारी होते आणि साधे पगारदारही होते. आज तर ज्याने उभ्या आयुष्यात दलालाचं तोंड पाहिलं नाही अशा कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीतला काही भागही २०१५ पासून बाजारात जातो. उद्या त्याच्या मुलीच्या शिक्षणाला किंवा त्याच्या म्हातारपणाला तो पैसा लागेल तेव्हा भाव किती आहे, याला अर्थ आहे. त्या माणसाच्या तोंडावर 'आम्ही भावाबिवाकडे लक्ष देत नाही' असं सांगणं हे वैराग्य नव्हे. तो दुसऱ्याच्या पैशाबद्दलचा बेफिकीरपणा आहे.

मात्र भागधारकाचा हक्क आहे म्हणजे तो कंपनीचा धनी आहे, असंही नाही. हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच स्वच्छ सांगितलं. मुंबईच्या बाचा गझदर या भागधारक बाईंचा प्राप्तिकराचा खटला होता. चहाच्या कंपन्यांचं बरंचसं उत्पन्न शेतीचं धरलं जातं, मग त्यातून मिळालेला आपला लाभांशही शेतीचं उत्पन्न मानून करमुक्त करावा, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही. भागधारक कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो, मळे कंपनीचे आहेत, भागधारकाला नफ्यात वाटा मिळण्याचा आणि मत देण्याचा हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा. कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. तिची सेवा करणं आणि तिच्या शेअरचा भाव चढवणं या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकाच दिशेने जातात, पण त्या एक नव्हेत. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १६६वं कलमही संचालकाचं कर्तव्य सांगताना भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांची नावं घेतं. भावाचा त्यात उल्लेखही नाही.

अमेरिकेत वारं उलटं वाहिलं. १३ सप्टेंबर १९७० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'मध्ये अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी लिहिलं की कायद्याच्या आणि रूढ नीतीच्या चौकटीत राहून नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. फ्रीडमन नफ्याबद्दल बोलत होते, रोजच्या भावाबद्दल नव्हे, हे त्यांचे टीकाकार विसरतात. भाव मध्ये आला तो पुढे. १९७६ साली मायकेल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग यांनी मांडलं की व्यवस्थापक हा मालकांचा मुखत्यार आहे आणि मुखत्यार संधी मिळताच स्वतःचं भलं बघतो. १९९० साली जेन्सन यांनी केव्हिन मर्फी यांच्यासह उपाय सांगितला की व्यवस्थापकाचा मोबदला शेअरशी बांधा, म्हणजे त्याचं आणि मालकाचं हित एक होईल. पुढच्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी आपल्या वरिष्ठांना शेअरच्या ऑप्शनांनी न्हाऊ घातलं. ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क आधीच हातात असलेल्या माणसाला भाव चढला की तेवढा फायदा होतो. व्यवस्थापकाच्या कर्माचं फळ त्याच्याच घशात घालायची ही योजना होती, आणि ती हुशार माणसांनी चांगल्या हेतूने आखली होती.

या युगाचा नायक होता जनरल इलेक्ट्रिकचा जॅक वेल्च. १९८१ ते २००१ या त्याच्या कारकिर्दीत कंपनीचं बाजारमूल्य सुमारे १४ अब्ज डॉलरवरून ४०० अब्जांच्या पलीकडे गेलं. तिमाही निकाल विश्लेषकांच्या अंदाजाशी इतके अचूक जुळत की लोक चकित होत. टर्बाइन आणि विजेचे दिवे बनवणाऱ्या या कंपनीच्या पोटात एक प्रचंड सावकारी पेढी तयार झाली होती, तिच्या व्यवहारांतून तिमाहीचा आकडा हवा तसा गाठता येई. वेल्च गेल्यानंतरच्या, म्हणजे २००२ आणि २००३ च्या हिशेबांबद्दल अमेरिकी नियामकाने २००९ मध्ये कंपनीकडून पाच कोटी डॉलर दंड घेतला. २००८ च्या संकटात ती पेढीच कंपनीच्या गळ्यात धोंड झाली, २०१८ मध्ये डाऊ जोन्स निर्देशांकातून जनरल इलेक्ट्रिकचं नाव निघालं आणि २०२४ पर्यंत तिचे तीन तुकडे झाले. वेल्चने स्वतः मार्च २००९ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ला सांगितलं की भागधारकांचं मूल्य हेच उद्दिष्ट मानणं ही जगातली सर्वांत मूर्ख कल्पना आहे. ते परिणाम म्हणून येतं, ते धोरण होऊ शकत नाही. तुमची खरी बांधिलकी कर्मचारी, ग्राहक आणि उत्पादनं यांच्याशी. हे शहाणपण निवृत्तीनंतर सुचलं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. ज्याने भाववाढीचं ते झाड स्वतः वाढवलं होतं, त्याची ती साक्ष आहे.

जेन्सन यांनीही वाट बदलली. २००५ च्या एका निबंधात त्यांनी कबूल केलं की शेअरचा भाव फाजील चढतो तेव्हा भावाशी बांधलेला मोबदला रोग वाढवतो. भाव जितका अवास्तव, तितकं त्याला शोभेल असं काम करून दाखवणं अशक्य. मग एक तर खोटी कमाई दाखवायची, नाहीतर महागड्या शेअरच्या बळावर कंपन्या विकत घेत सुटायचं. याला त्यांनी व्यसनाची उपमा दिली होती.

सत्यम या संगणक कंपनीची कथा या निबंधाचं भारतीय उदाहरण म्हणून शिकवावी अशी आहे. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून सांगितलं की कंपनीच्या वह्यांत दाखवलेल्या रोख आणि बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आदल्या सप्टेंबरच्या तिमाहीत उत्पन्नाच्या २४ टक्के नफा दाखवला होता, तो प्रत्यक्षात ३ टक्के होता. सुरुवातीला तफावत छोटी होती, दर तिमाहीला ती झाकता झाकता डोंगराएवढी झाली. पत्रात त्यांनी दिलेलं कारण जास्त बोलकं आहे. प्रवर्तकांचा हिस्सा थोडा होता. कामगिरी खालावलेली दिसली तर भाव पडेल, भाव पडला तर कुणीतरी कंपनी ताब्यात घेईल आणि मग वह्या उघड्या पडतील, ही भीती. वाघावर बसलो होतो, उतरायचं कसं ते कळेना, असं ते म्हणाले. शेवटची धडपड म्हणून डिसेंबर २००८ मध्ये कुटुंबाशी संबंधित मेटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरना विकत घेऊन खोट्या रोकडीच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा बेत त्यांनी केला होता. भागधारक खवळले आणि तो काही तासांत मागे घ्यावा लागला. पत्र बाहेर पडलं त्या दिवशी शेअर १७९ रुपयांवरून ४० च्या खाली गेला. पन्नास हजारांहून अधिक कर्मचारी दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा पगाराला पैसे आहेत की नाहीत हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच सत्यमला काही महिन्यांपूर्वी उत्तम कारभाराबद्दल पुरस्कार मिळाला होता.

सत्यममध्ये गुन्हा होता. तिथे निषेध सोपा आहे आणि न्यायालयाने २०१५ मध्ये शिक्षाही सुनावली. जास्त अवघड ती उदाहरणं, जिथे नियम पाळून माणसाचं लक्ष कामावरून फळावर सरकतं. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन ग्रॅहम, कॅम्पबेल हार्वे आणि शिवराम राजगोपाल यांनी चारशेहून अधिक वित्त अधिकाऱ्यांना विचारलं की तिमाहीचा आकडा चुकणार असं दिसलं तर काय कराल. २००५ मध्ये छापून आलेल्या या पाहणीत सुमारे ऐंशी टक्क्यांनी संशोधन, जाहिरात, देखभाल असे खर्च कापू असं उत्तर दिलं. निम्म्याहून अधिक जण फायद्याचा नवा प्रकल्पही लांबणीवर टाकायला तयार होते. यात बेकायदा काहीच नाही. एखाद्या यंत्राची दुरुस्ती पुढे ढकलली हे हिशेब तपासनिसाला दिसत नाही, आणि बाजाराला तर नाहीच.

बोइंगकडे याच नजरेने पाहायला हवं. २०१३ पासून २०१९ च्या सुरुवातीपर्यंत या विमान कंपनीने स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यासाठी सुमारे ४३ अब्ज डॉलर खर्च केले. शेअर कमी झाले की प्रत्येक शेअरमागची कमाई वाढते आणि भाव चढतो. १ मार्च २०१९ ला तो ४४० डॉलरवर पोचला, सहा वर्षांत पाचपटीहून अधिक. त्याआधी २०११ मध्ये एअरबसशी स्पर्धा करताना कंपनीने पूर्णपणे नवं विमान बांधण्याऐवजी १९६० च्या दशकातल्या ७३७ च्याच सांगाड्यावर मोठी इंजिनं बसवायचं ठरवलं होतं. त्यामुळे विमानाचा तोल बदलला. तो सावरायला जी आज्ञावली घातली ती एकाच संवेदकावर विसंबून होती आणि वैमानिकांना तिच्याबद्दल सांगितलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये जावा समुद्रात आणि १० मार्च २०१९ ला इथिओपियात अशी दोन विमानं कोसळली. ३४६ माणसं गेली. शेअरच्या भावाने विमानं पाडली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, कारण अभियंत्यांच्या चुका होत्या, नियामकाची ढिलाई होती. पण एका कंपनीचा पैसा आणि तिच्या वरिष्ठांचं मन वर्षानुवर्षं कुठे गुंतलं होतं, याची नोंद तिच्या वह्यांत आहे. उच्चांकानंतर नवव्या दिवशी दुसरं विमान पडलं. भावाला त्यातलं काहीही कळलेलं नव्हतं.

इथे गीतेकडे वळणं भाग आहे, कारण फळाची आसक्ती सोडून कर्म करण्याचा विचार तिथे आहे आणि महाराष्ट्राने तो नुसता पूजला नाही, त्यावर वाद घातला. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं ते याच वादात उडी घेण्यासाठी. ज्ञानी माणसाने कर्मच सोडावं या मताला त्यांचा विरोध होता. लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट राहावी म्हणून, कर्म अखेरपर्यंत करायचं, सोडायची ती फलाशा. शिवाय कर्माचा हेतू आणि परिणाम यांचा विचार सोडा असंही टिळक सांगत नाहीत. ज्याला परिणामाचा विचार नाही त्याचं काम आंधळं. गांधीजींनी १९२९ मध्ये पूर्ण केलेल्या 'अनासक्तियोग' या गीतेच्या अनुवादाच्या प्रस्तावनेत हे आणखी सोपं करून सांगितलं. फळाचा त्याग म्हणजे परिणामाविषयी बेपर्वाई नव्हे. काय परिणाम व्हायला हवा, तो साधायचं साधन कोणतं आणि आपल्यात तेवढी ताकद आहे का, हे सारं माहीत असलंच पाहिजे. पण जो सतत फळाचंच चिंतन करतो तो कर्तव्यातून ढळतो, आणि मग कसलंही साधन वापरायला तयार होतो.

हे शेवटचं वाक्य वाचताना सत्यमचं पत्र आठवतं. प्रवचनांत निष्काम कर्माची गोष्ट मनःशांतीसाठी सांगितली जाते. गांधीजींचा मुद्दा त्याहून कठोर आहे. फळाला चिकटलेला माणूस दुःखी होतो एवढंच नाही, तो कामात वाईट होतो.

म्हणजे व्यवस्थापकाने भाव जाणावा, पण त्याच्यासाठी काम करू नये. लासलगावला कांदा नेणाऱ्या शेतकऱ्याला त्या दिवसाचा भाव माहीत असावाच लागतो. चाळीत साठवायचा की आज विकायचा हे त्यावरच ठरतं. पण लागवडीच्या महिन्यांत तो शेतातल्या पाण्याऐवजी बाजार समितीच्या फलकाकडे पाहत बसला, तर विकायला कांदाच उरणार नाही.

जाणणं म्हणजे काय, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या टेलिडाइन कंपनीचे हेन्री सिंगलटन. १९६० च्या दशकात त्यांच्या शेअरला भरमसाट भाव होता, तेव्हा त्यांनी तो चलनासारखा वापरून सुमारे १३० कंपन्या घेतल्या. बाजार बसला आणि शेअर स्वस्त झाला तेव्हा, १९७२ पासून पुढच्या बारा वर्षांत, कंपनीचे जवळजवळ नव्वद टक्के शेअर परत विकत घेतले. त्यांना भावाची माहिती कुणापेक्षाही कमी नव्हती. भाव चढवायची धडपड मात्र त्यांनी केली नाही, विश्लेषकांची मनधरणी तर नाहीच. वॉरन बफे यांनीही आपल्या भागधारकांना वर्षानुवर्षं सांगितलं की आपल्या बर्कशायर कंपनीचा भाव उंच असण्यापेक्षा रास्त असावा. हा विचार नीतीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. भाव फुगलेला असेल तर आज विकणारा भागधारक खूश होतो, पण त्याच वेळी विकत घेणारा नवा भागधारक नागवला जातो, आणि उद्या तोही कंपनीचाच माणूस असतो. व्यवस्थापकाने दोघांशी सारखं वागायचं तर भाव खाली असताना जशी खरी परिस्थिती सांगायची, तशीच तो अवास्तव चढला असतानाही सांगायला हवी. आपल्याकडे किती कंपन्यांनी तेजीच्या ऐन भरात असं सांगितलं, हे आठवून पाहावं.

भावाकडे पाठ फिरवली की काय होतं, तेही दिसलं आहे. २००९ मध्ये पॉल पोलमन युनिलिव्हरचे प्रमुख झाले आणि त्यांनी पुढच्या आकड्यांची भाकितं करणं, तिमाहीच्या तालावर नाचणं बंद केलं. मुंबईच्या हिंदुस्थान युनिलिव्हरची ही पितृकंपनी. पर्यावरण, स्वच्छता, लहान शेतकरी यांच्यासाठी त्यांनी दहा वर्षांचा कार्यक्रम आखला. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्राफ्ट हाइन्झने १४३ अब्ज डॉलरना युनिलिव्हर विकत घेण्याचा प्रस्ताव ठेवला. खर्चकपातीसाठी प्रसिद्ध असलेले हे खरेदीदार कंपनीचा नकाशाच बदलून टाकतील हे उघड होतं. विरोध इतका झाला की दोन दिवसांत त्यांनी माघार घेतली, पण किंमत मोजावीच लागली. दोन महिन्यांच्या आत युनिलिव्हरने पाच अब्ज युरोंची शेअरखरेदी, लाभांशात वाढ, नफ्याचं चढं लक्ष्य आणि मार्गरिनचा जुना धंदा विकणं, असं सगळं जाहीर केलं. ज्याच्याकडे निम्मे शेअर नाहीत त्याला भाव विसरण्याची मुभा नाही. चांगलं काम चालू ठेवायचं तर ते मोडू पाहणाऱ्याच्या हाती कंपनी स्वस्तात जाऊ द्यायची नाही, हाही कर्तव्याचाच भाग. दोन वर्षांनी क्राफ्ट हाइन्झलाच आपल्या नाममुद्रांचं मूल्य पंधरा अब्ज डॉलरनी खाली आणावं लागलं, ही वेगळी गोष्ट.

टाटांना भाव विसरण्याची ही मुभा बऱ्याच अंशी आहे, कारण त्यांच्या मुख्य कंपनीचा, टाटा सन्सचा, सुमारे ६६ टक्के हिस्सा धर्मादाय न्यासांकडे आहे. आणि ती नुसती हिश्शामुळे आलेली नाही. १९२४ साली पोलादाचे भाव कोसळले, जमशेदपूरला पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा दोराबजी टाटांनी स्वतःची संपत्ती आणि पत्नी मेहरबाईंचा ज्युबिली हिरा इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढलं. फळ दुसऱ्यांचं आणि जोखीम आपली, हे विश्वस्तवृत्तीचं शुद्ध रूप आहे.

पण याच वर्षांत याच घराण्याच्या वीज कंपनीचं धरण मुळशीच्या खोऱ्यात उभं राहत होतं, आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे शेतकरी आपल्या भातखाचरांसाठी सत्याग्रह करत होते. गावं पाण्याखाली गेली. हे सांगायला हवं, कारण भावापासून मुक्त झालेला व्यवस्थापक आपोआप न्यायी होत नाही. त्याची नजर तिमाहीऐवजी पन्नास वर्षांवर गेली तरी ती कुणाला पाहते आणि कुणाला नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो. भागधारकाला निदान भावफलक तरी आहे. मुळशीच्या शेतकऱ्याचं नुकसान कोणत्याच फलकावर लागलं नाही.

राहिला प्रश्न आसक्तीचा. टिळक आणि गांधी ज्या माणसाशी बोलत होते, त्याची फलाशा त्याच्या मनात होती आणि ती सोडणं त्याच्या हाती होतं. आजच्या व्यवस्थापकाची फलाशा त्याच्या नेमणूकपत्रात लिहिलेली असते. ज्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा दोन-तीन वर्षांनंतरच्या भावावर अवलंबून आहे, त्याला अनासक्त व्हा म्हणून उपदेश करणं निरर्थक आहे, आणि थोडं अन्यायाचंही. प्रवर्तकाने शेअर गहाण टाकले असतील तर अवस्था त्याहून वाईट. जानेवारी २०१९ मध्ये झी एंटरटेनमेंटचा शेअर एका दिवसात २६ टक्के पडला, तेव्हा प्रवर्तकांना कर्ज देणाऱ्यांशी रातोरात बोलणी करावी लागली. तिथे भाव ही आसक्ती उरत नाही, तो गळफास होतो. म्हणून निष्काम कर्माचा प्रश्न जितका मनाचा, तितकाच तो मोबदला ठरवणाऱ्या समितीचा आहे.

आपल्या कायद्याने यातलं थोडं ओळखलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार स्वतंत्र संचालकाला शेअरचे ऑप्शन देता येत नाहीत. ज्याने पहारा द्यायचा त्याला फळातला वाटा नाही, हे तत्त्व स्पष्ट आहे. जो प्रत्यक्ष कारभार हाकतो त्याच्याबाबतीत मात्र सेबीची अट एवढीच की ऑप्शन हाती पडायला किमान एक वर्ष जावं. एक वर्षात कारखाना उभा राहत नाही, औषधाचं संशोधन होत नाही, माणसं तयार होत नाहीत. हा काळ सात-आठ वर्षांचा हवा, आणि मिळालेल्या शेअरचा मोठा भाग पद सोडल्यानंतरही काही वर्षं विकता येऊ नये. मग व्यवस्थापकाचं हित विकून जाणाऱ्याशी न जुळता टिकून राहणाऱ्याशी जुळेल.

हे करून घेण्याचा अधिकार भागधारकांकडे आहे. जुलै २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी वरिष्ठांच्या मोबदल्याचे ठराव फेटाळले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या भागधारकांनी मोबदल्यावर नाराज होऊन व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनेमणुकीचा ठराव पाडला, आणि कंपनीला मोबदल्याची मर्यादा खाली आणून पुन्हा मत मागावं लागलं. दोन्ही वेळा वाद रकमेवर झाला. मोबदला कशाशी बांधलाय आणि किती वर्षांनी हाती येतो, यावर अजून असा वाद झालेला फारसा दिसत नाही. वार्षिक अहवालात ते सारं छापलेलं असतं, आणि ई-मतदान आल्यापासून मत द्यायला सभेच्या गावी जावंही लागत नाही.